पाठीमागचा भाता

हे कोणाला पटणार नाही. ज्याला पटेल त्याने स्वतःचं डोकं तपासून घ्यावं, असं आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण गिरणीची वीज गेली आहे, दळणं रांगेत पडली आहेत, आणि वीज येईपर्यंत एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा खोटी वाटणारी खरी गोष्ट ऐकलेली काय वाईट? शिवाय जिची गोष्ट ती लोहारीण इथेच दाराजवळच्या पोत्यावर बसली आहे. हाताच्या काकणाला आरसा कशाला? कुठे चुकलं तर बसल्या जागेवरून चप्पल फेकेल. नेम तिचा चांगला आहे.

"चप्पल कशाला? वजनाचा दगड फेकेन," लोहारीण म्हणाली. "सांगा काय सांगायचं ते. तसंही गावभर झालंच आहे."

तर आपल्या लोहाराचा हात असा, की तो ऐरणीवर घण घालायचा तेव्हा नदीपलीकडच्या गावातल्या कोंबड्या दचकून अवेळी अंडी घालायच्या. अंडी विकून तिकडच्यांनी पक्की घरं बांधली, आणि इकडे लोहाराचे कान गेले. एकदम नाही गेले. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी जातं तसे गेले. रोज थोडं खाली, थोडं खाली, आणि एक दिवस बादली कोरडी वर येते तेव्हा घरात कळतं. आधी पाखरं गेली. मग दारावरची थाप गेली. मग बायकोचा आवाज गेला. पुरुषांचे जाडेभरडे आवाज तेवढे उरले, तेही गाळात रुतलेल्या चाकासारखे.

लोहारणीला हे उशिरा कळलं, आणि त्याला कारण भाता. सासऱ्याने भाता बसवला तो लोहाराच्या पाठीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कारण भात्याला टेकायला भिंत लागते आणि पडकी नसलेली भिंत तेवढी तीच होती. लग्न होऊन आल्या दिवसापासून लोहारीण त्या कोपऱ्यात बसून भात्याची दोरी ओढायची. धूर नाकात जाऊ नये म्हणून नाकातोंडावर फडकं. म्हणजे तिने संसारात जे काही सांगितलं ते नवऱ्याच्या पाठीला सांगितलं, अंधारातून सांगितलं, आणि फडक्यातून गाळून सांगितलं. कान शाबूत होते तोवर पाठीलाही ऐकू यायचं. कान गेल्यावर पालथ्या घड्यावर पाणी.

मग तिने आवाज चढवला. तिच्या हाकेने वेशीबाहेरून चाललेला बैल थांबायचा. नवरा थांबायचा नाही.

एकदा एक शेतकरी नांगराचा फाळ घेऊन आला. दारात उजेडाला पाठ करून उभा, दातांत काडी. त्या काडीआडून म्हणाला, "टोक लांब नको बरं का. रान खडकाळ आहे माझं."

लोहाराने मान हलवली. न ऐकू येणारा माणूस मान फार हलवतो. दर वेळी 'काय? काय?' करायची लाज वाटते त्याला.

"अहो, लांब नको म्हणतायत!" लोहारीण कोपऱ्यातून ओरडली. "आखूड! आखूड ठेवा!"

लोहाराने सुईसारखं लांब, देखणं टोक काढलं. दुसऱ्याच दिवशी ते खडकावर मोडलं आणि शेतकरी मोडका तुकडा हातात नाचवत आला.

"काय रे, सांगितलं काय, केलंस काय?"

"घसा फाटला माझा ओरडून!" लोहारीण भात्यावरून उठली. "गाव गोळा झालं, पण या माणसाला पत्ता नाही!"

लोहार मागे वळला. त्याला काय दिसलं? मानेच्या शिरा ताठ, कपाळावर आठ्या, आणि फडक्याच्या वर दोन लालभडक डोळे.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही! जाऊ दे!"

हे 'जाऊ दे' त्याला कळायचं, कारण त्याच्यासोबत हात झटकला जायचा. रोज काही ना काही जाऊ दिलं जायचं. चार माणसं भट्टीजवळ बसून हसायची, लोहार विचारायचा "काय, काय झालं?", आणि लोहारीण डोळे पुसत म्हणायची, "जाऊ दे हो, काही नाही." हळूहळू त्याने विचारणं सोडलं. ज्या माणसाने लग्नाच्या पहिल्या वर्षी गप्पा मारून मारून शेजाऱ्यांची झोप उडवली होती, तो आता जेवायला बसला की ताटाशीच बोलत असल्यासारखा खाली बघून जेवायचा आणि उठायचा. लोहारणीला वाटायचं, कान गेले ते गेले, पण यांची जीभ कुठे गेली?

आणि अशात आली कोळसेवाली. कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात ना, तशी.

रानात कोळसा पाडायची आणि पोती डोक्यावर घेऊन गावोगाव विकायची. तोंड इतकं काळं, की नाक कुठे आहे ते अंदाजाने ठरवावं लागे. सावलीत बसली तर लोक तिच्यावर बसत. त्या काळ्या तोंडात फक्त डोळे आणि दात पांढरे, आणि बोलली की ओठांची हालचाल अशी दिसायची जशी काळ्या पाटीवर खडूने काढलेली रेघ.

पहिल्याच दिवशी तिने पोतं टेकवलं आणि हाक मारली नाही. भट्टीला वळसा घालून खिडकीसमोर आली, जिथे उजेड तोंडावर पडतो तिथे उभी राहिली, आणि एक हात वर केला. बस. लोहाराने घाव पुरा केला, घण खाली ठेवला, मान वर केली. तोवर ती गप्प उभी.

"कोळशाचं बोलायचंय," ती म्हणाली. ओरडून नाही, तोंड वेंगाडूनही नाही. तुम्ही आम्ही बोलतो तसंच, जरा निवांत.

"बोल."

"हा बाभळीचा आहे. पुढच्या खेपेला चिंचेचा आणू का?"

"कशाचा?"

कोळसेवालीने तेच पुन्हा मोठ्याने नाही म्हटलं. "आंबट फळाचं झाड," ती म्हणाली, आणि चिंच खाल्ल्यासारखं असं तोंड केलं, की बघणाऱ्याच्या दाढेला पाणी सुटावं.

लोहार हसला. लोहारणीला त्याचं तोंड दिसलं नाही, तिला कधीच दिसायचं नाही. पण खांदे दिसले. खांदे गदगदा हलत होते.

झालं. लोहारणीच्या पोटात असा जाळ पेटला, की भट्टीला कोळशाची गरज उरली नाही. तिने भात्याची दोरी धरली आणि ओढायला लागली. फुस्स, फुस्स, फुस्स! छपराची कौलं उडून परत जागेवर बसली. भट्टीत ठेवलेली कुऱ्हाड आधी लाल झाली, मग पांढरी झाली, मग पाणी होऊन दारातून वाहत ओढ्याला मिळाली.

लोहार त्या पाण्याकडे बघत राहिला आणि कोळसेवालीला म्हणाला, "वा! काय कोळसा आहे! आजवर असा बघितला नाही. दर आठवड्याला आण."

म्हणजे बघा. जळायची ही, आणि नाव त्या कोळशाचं.

त्यानंतर कोळसेवाली दर आठवड्याला येऊ लागली. ती आली की लोहार बोलायचा. रानात पाणी किती उरलं, बिबट्या खरंच दिसला का, पुढचा रस्ता खचला तो कुठे. जो माणूस घरात 'मीठ दे' एवढंही बोलत नव्हता, तो कोळसेवालीला लहानपणी झाडावरून पडल्याची गोष्ट सांगायचा. लोहारीण कोपऱ्यातून दोरी ओढत बघायची. ती गोष्ट तिला माहीत नव्हती. तेच तिला जास्त लागलं. नवरा कोणाकडे बघून हसला हे एक वेळ पोटात घालता येतं, पण आपल्याला न सांगितलेली गोष्ट दुसरीला सांगितली, हे घशाखाली उतरत नाही.

शेजारची कुंभारीण मडकी बडवता बडवता म्हणाली, "काय गं, तुमच्याकडचा कोळसा हल्ली फार गोड लागतो वाटतं?"

"मला काय त्याचं?"

"तसं नाही. त्या दिवशी तुझा नवरा एवढ्या मोठ्याने हसला, माझं चाकावरचं मडकं वाकडं झालं. म्हटलं, बाई, याला हसता येतं?"

"हसू दे नाहीतर नाचू दे!"

"अगं, पण तिच्यात आहे काय बघण्यासारखं? तोंड बघ, तव्याचं बूड."

"तेच तर," लोहारीण म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "देखणी असती तर समजलं असतं. हिच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

 कुंभारणीने मडकं आणखी दोनदा बडवलं आणि ते फुटलं.

मग लोहारणीने ठरवलं की सोक्षमोक्ष लावायचा. कोळसेवालीच्या यायच्या दिवशी ती घरातून इतक्या तरातरा निघाली, की सावली मागे राहिली आणि वेशीजवळ धापा टाकत येऊन मिळाली. रस्त्याच्या वळणावर, ओढ्याच्या काठी तिने कोळसेवालीला अडवलं.

"ए, थांब! माझ्या नवऱ्याशी काय एवढं गुलूगुलू बोलत असतेस?"

कोळसेवालीने पोतं खाली ठेवलं. "कोळशाचं बोलते, बाई."

"कोळशाचं बोलताना कोणी झाडावरून पडल्याचं सांगतं?"

"ते आपणहून सांगतात. मी ऐकते."

"आणि मी काय भिंत आहे? मी ओरडून ओरडून मेले तरी वळून बघत नाही, आणि तू नुसता हात वर केलास की घण खाली! काय जादूटोणा करतेस?"

कोळसेवाली आधी हसली. मग लोहारणीचं तोंड बघून तिने हसणं आवरलं.

"माझी आई बहिरी होती," ती म्हणाली. "तिच्या मागून ओरडलं तर तिला काहीच कळायचं नाही. पुढून ओरडलं तर वाटायचं, पोर भांडायला आली. ओरडताना माणसाचं तोंड कसं होतं, कधी बघितलंस? ओढ्यात बघ जरा."

"मला नको शिकवूस!"

"आत्ता बघ, आत्ता!"

लोहारीण ओढ्यावर वाकली. पाण्यातली बाई अशी काही बघत होती, की बेडकांनी पलीकडच्या काठावर उड्या मारल्या. लोहारीण दचकून मागे सरली.

"ही मी?"

"त्यांना दिवसभर हीच दिसते. तीही अर्धी, कारण अर्ध्या तोंडावर फडकं. आवाज तर पोचतच नाही. मग उरतं काय? राग."

लोहारणीने कपाळावरच्या आठ्या हाताने चोळून बघितल्या. पण मत्सर असा सहजासहजी उठून जात नाही. पाहुण्यासारखा असतो, निघतो निघतो म्हणत बसून राहतो. ती म्हणाली, "मला नाही पटत. तुझ्यातच काहीतरी आहे."

"असं?" कोळसेवालीने कमरेवर हात ठेवले. "मग घे हे पोतं. घे डोक्याचं फडकं, हा घे अंगावरचा मळका सदरा. तोंडाला कोळसा फास आणि जा माझ्या जागी. माझ्यात काही असेल तर ते तुझ्याशी बोलणार नाहीत. बोलले, तर समज की कोणीही बोलू शकतं."

"जाते! घाबरते की काय!"

"पण ऐक. उजेड तुझ्या तोंडावर पडू दे, पाठीवर नाही. हात वर कर आणि थांब. आधी सांग कशाचं बोलायचंय, म्हणजे त्यांना अर्धा रस्ता सापडतो. नाही कळलं तर दुसऱ्या शब्दांत सांग. आणि काही झालं तरी ते एक म्हणायचं नाही."

"काय?"

"जाऊ दे."

तर लोहारणीने तोंडाला कोळसा फासला. इतका, की डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या कावळ्यांनी तिला आपल्यातली समजून काव काव केलं. पोतं डोक्यावर घेऊन ती स्वतःच्याच घरी गेली, भट्टीला वळसा घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीसमोर उभी राहिली. तिथून तिला नवऱ्याचं तोंड दिसलं. काम करताना तो खालचा ओठ दातांत धरतो, हे इतक्या वर्षांच्या संसारात तिला ठाऊक नव्हतं. भुवया जळून अर्ध्या झाल्या होत्या. कधी जळल्या?

तिने हात वर केला आणि थांबली. थांबणं हे लोहारणीच्या रक्तात नव्हतं. ती वाट बघायची ती फक्त दूध उतू जायची, म्हणजे ओरडता यावं. पण थांबली. लोहाराने घाव पुरा केला, मान वर केली.

"तुमच्या बायकोचं बोलायचंय," ती म्हणाली.

लोहाराने घण खाली ठेवला. तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तिचं काय?"

"कशी आहे ती?"

"रागावलेली."

"कशावरून?"

"कधीही वळून बघितलं तरी आठ्या. विचारलं तर हात झटकते. सगळे हसतात, तीही हसते, आणि मी विचारलं की म्हणते जाऊ दे. पंगतीत सगळ्यांना वाढावं आणि एकाच्या ताटापुढे आल्यावर म्हणावं, जाऊ दे, पुढे चला. तसं होतं गं." लोहाराने हातातली सांडशी उगाच उघडली, मिटली. "मला वाटतं, मी नकोसा झालोय तिला. काम करतो म्हणून ठेवलंय. कान नसलेल्या माणसाशी बोलण्याचा कंटाळा येतो माणसाला, दोष तरी काय द्यायचा? पण पूर्वी ती फार छान बोलायची. कुंभारणीची नक्कल करायची तर वाटायचं, कुंभारीणच घरात आली. आता कोणाची नक्कल करते, कोण जाणे. मला दिसतच नाही."

लोहारणीच्या पोटातला जाळ पुन्हा भडकला. माझ्याशी कधी एवढं बोलला नाही, आणि या काळतोंडीपाशी काळीज उघडून बसलाय! हिच्या झिंज्याच धरते, असं म्हणून ती इकडे तिकडे बघायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती काळतोंडी म्हणजे आपणच. स्वतःच्याच मत्सराने जळणारी दुसरी बाई या पृथ्वीवर झाली नाही.

डोळ्यांतून पाणी आलं आणि काळ्या गालांवरून दोन पांढरे पाट निघाले.

"डोळ्यांत काय गेलं?" लोहाराने विचारलं.

"धूर."

"भाता तर बंद आहे. घरची बाहेर गेलीये. धूर कुठला?"

"मग कोळसा," असं म्हणून तिने पोतं तिथेच टाकलं आणि जी पळाली ती थेट ओढ्यावर. तिने तोंड धुतलं तेव्हा ओढा इतका काळा झाला, की खालच्या गावातल्या म्हशी त्यात उतरल्या त्या परत कोणाला सापडेनात; पाणी कुठलं आणि म्हैस कुठली, ओळखायची सोय नव्हती.

त्याच दुपारी तिने कुदळ घेतली आणि भाता उपटला. सासऱ्याच्या हातचा भाता! खांबासकट उचलून तिने तो भट्टीच्या पलीकडे, लोहाराच्या बरोब्बर समोर, खिडकीच्या उजेडात आणून रोवला. टेकायला भिंत नव्हती, म्हणून तिथे दगडांची एक उभी केली, वाकडीतिकडी. तोंडावरचं फडकं काढून गळ्यात बांधलं.

लोहार बघत राहिला. "इथे धूर येईल तोंडावर."

"येऊ दे," ती म्हणाली.

"काय?"

जुनी सवय जिभेच्या टोकापर्यंत आली होती. लोहारणीने ती गिळली, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि दुसऱ्या शब्दांत सांगितलं, "धुराची मला सवय आहे. मला इथेच बसायचंय."

त्यानंतर भट्टीवर चार माणसं हसली की लोहारीण भाता थांबवते आणि नवऱ्याला सगळा विनोद पहिल्यापासून सांगते. विनोद शिळा होतो, पण त्याच्यापर्यंत पोचतो. तो सगळ्यांच्या मागून हसतो, आणि त्याला हसताना बघून सगळे पुन्हा एकदा हसतात. आता गावातही सगळ्यांना वळण लागलंय. तो शेतकरी दारातून आत येतो, उजेडात उभा राहतो, दातांतली काडी काढून खिशात ठेवतो आणि म्हणतो, "फाळाचं बोलायचंय." कोळसेवाली अजून येते. लोहारीण तिला बसायला पोतं देते, पण डोळा ठेवून असते. मत्सर पुरता गेला असं कोणी म्हणू नये. तो आता फक्त उजेडात बसतो.

आणि यातली खरी गंमत ऐका. शपथेवर सांगतो, त्या लोहाराला आजपर्यंत पत्ता नाही, की त्या दिवशी पोतं घेऊन आलेली कोळसेवाली म्हणजे त्याची बायको होती. आंधळा नाही, पण त्याला काही म्हणजे काही—

"खोटं!"

सगळ्यांनी माना वळवल्या. दळण न्यायला आलेला लोहार गिरणीच्या पायरीपुढे, उन्हात उभा होता. कधीपासून उभा होता कोणास ठाऊक. सांगणाऱ्याच्या तोंडावर ऊन स्वच्छ पडलेलं होतं.

"साफ खोटं," लोहार म्हणाला. "उभी राहिली तेव्हाच ओळखलं मी."

लोहारीण पोत्यावरून उठली. चालत त्याच्यासमोर आली. "ओळखलं होतंत? कशावरून?"

"रुसलीस की तू डाव्या पायावर भार देऊन उभी राहतेस. कोळसा तोंडाला फासला होतास, पायाला नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"इतक्या वर्षांनी तू माझ्यासमोर उभी राहून बोलत होतीस," लोहार म्हणाला. "ओळख दाखवून तुला पळवून लावायला मी काय वेडा होतो?"